आरंभ कोणत्या बाजूला?

पत्र कसे लिहावे ह्याची एक शिस्त आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत घोटलेली असते. माथ्यावर मधोमध 'श्री'. उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख. डावीकडून मायना. मग डावीकडे समास सोडून मजकूर, आणि सर्वांत शेवटी उजव्या हाताला 'आपला आज्ञाधारक' आणि सही. दिवाळीत पूजेसाठी नवी वही उघडतानाही तसेच. पहिल्या पानावर श्री, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. ही मांडणी इतकी अंगवळणी पडलेली असते की, ओळ डावीकडूनच का निघते हा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. सूर्य पूर्वेला उगवतो, तशी ओळ डावीकडे उगवते, असे आपण धरून चालतो.

पण तीच कोरी वही उर्दू लिहिणाऱ्या गृहस्थाच्या हाती द्या. आपल्या दृष्टीने जे शेवटचे पान, तेथून तो ती उघडील. समास उजवीकडे सोडील, आणि लेखणी उजवीकडून डावीकडे नेईल. वही तीच, कागद तोच. ओळीचा आरंभ मात्र दुसऱ्या टोकाला गेला. गेली काही वर्षे मला ह्या साध्या गोष्टीचा छंद लागला आहे. शिळालेखांपासून संगणकापर्यंत तिचा माग काढताना एक गोष्ट मनाशी पक्की झाली. डावे-उजवे हे कागदाचे असते, आरंभ आणि शेवट हे मजकुराचे असतात. ह्या दोहोंची गल्लत झाली की मजकुराचे, आणि कधी कधी माणसाचे, पुष्कळ हाल होतात. ह्या गल्लतीचा हा इतिहास आहे.

त्याची सुरुवात आपल्याच भूमीवर, अशोकाच्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात करता येते. मुंबईजवळच्या सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिळालेखाचा एक तुकडा सापडला. तो ब्राह्मी लिपीत आहे, आणि ब्राह्मी आपल्यासारखीच डावीकडून उजवीकडे चालते. पण त्याच सम्राटाचे लेख वायव्येला, आजच्या पाकिस्तानातील शाहबाजगढी आणि मानसेहरा येथे आहेत, ते खरोष्ठीत. खरोष्ठी चालते उजवीकडून डावीकडे. एकच राजा, एकच उपदेश, पण सोपाऱ्याची ओळ पूर्वेला निघाली तर मानसेहऱ्याची पश्चिमेला, असा हा प्रकार होता. राजाज्ञेचा मजकूर एक आणि तिची दिशा दुसरी, ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, हे त्या काळच्या लेखकांना उमगलेले होते.

आंध्रातील एर्रगुडी येथे तर अशोकाच्या लघुलेखाच्या काही ओळी डावीकडून आणि काही उजवीकडून कोरलेल्या आहेत. प्राचीन ग्रीसमध्ये ही चाल चांगलीच रूढ होती. क्रीट बेटावरच्या गोर्टिन नगरीचे कायदे भिंतीवर कोरले आहेत ते असेच. ग्रीकांनी ह्या पद्धतीला नाव दिले त्याचा अर्थ 'बैल वळतो तसे'. आपल्या शेतकऱ्याला हे नाव समजावून सांगावे लागणार नाही. नांगराचे एक तास संपले की बैल काही मोकळ्या अंगाने पहिल्या बांधापाशी परत जात नाहीत, तेथेच वळतात आणि दुसरे तास उलट दिशेने घेतात. विचार केला तर हीच रीत स्वाभाविक. प्रत्येक ओळ संपताच डोळे उचलून पुन्हा पहिल्या कडेला आणण्याचा आपला परिपाठच जरा विचित्र म्हटला पाहिजे.

पण मला सर्वांत आवडतो तो कर्नाटकातील ब्रह्मगिरीचा लेख. चित्रदुर्ग जिल्ह्यातला हा लेख बी. एल. राइस यांनी १८९२ साली उजेडात आणला. लेख ब्राह्मीत आहे. शेवटी तो लिहिणाऱ्याने आपले नाव दिले आहे, चपड. आणि 'लिपिकाराने' हा एकच शब्द त्याने खरोष्ठीत, म्हणजे उलट दिशेने लिहिला आहे. बहुधा तो वायव्येकडून आलेला असावा, किंवा आपल्याला दोन लिप्या येतात हे त्याला दाखवायचे असावे. काही असो. डावीकडून चाललेल्या मजकुराला उजवीकडून चालणारा शब्द जोडणारा हा माणूस सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ह्या देशात होऊन गेला. अशा शब्दासाठी लिहिणाऱ्याला आधी लांबी अजमावून जागा मोकळी सोडावी लागते, पलीकडच्या टोकाला जाऊन तेथून अलीकडे लिहीत यावे लागते, आणि मग पुन्हा पुढे उडी घ्यावी लागते. हाताने लिहिणाऱ्याला हे सहज जमते, कारण त्याचे डोळे पुढचे पाहतात. यंत्राला ते शिकवताना विसाव्या शतकातल्या विद्वानांना घाम फुटला, ते पुढे येईलच.

लिपीच्या दिशेत आणखी एक मेख आहे, ती आकड्यांची. आपले दशमान अंक अरबांकडे गेले. नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीने भारतीय गणनपद्धतीवर ग्रंथ लिहिला, आणि अरब ह्या अंकांना हिंदी अंकच म्हणत. पण अरबी ओळ उजवीकडून चालत असूनही तिच्यातल्या आकड्याची मांडणी बदलली नाही. उर्दू वाक्यात १९४७ हे साल आले तर एक डावीकडे आणि सात उजवीकडे, अगदी आपल्यासारखेच. तेव्हा उर्दू लिहिणारा प्रत्येक माणूस, मग तो दुकानदार का असेना, दर आकड्याशी दिशा बदलत असतो. आपण तरी कोठे वेगळे आहोत? पंचवीस म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी काढतो. आपले जुने ज्योतिषी तर अंकांची गती डावीकडे असते असे म्हणत आणि शक शब्दांत सांगताना एकं स्थानापासून सुरुवात करीत. नेत्र, वेद, रस, चंद्र असे म्हटले, तर अंक झाले दोन, चार, सहा, एक, आणि शक झाला १६४२. उच्चाराचा क्रम एक आणि कागदावरचा क्रम दुसरा, ही गोष्ट आपल्या घरातलीच आहे.

आता आपल्या जुन्या दप्तरांकडे वळू. आदिलशाही आणि निजामशाही अमदानीतील पुष्कळ कागद द्विभाषी आहेत. एकाच कागदावर फारशी मजकूर उजवीकडून आणि मोडीतला मराठी मजकूर डावीकडून. त्या कचेऱ्यांतून आपल्याकडे शब्द किती आले पाहा. कागद, शाई, कलम, दप्तर, ही लेखनाची सगळी सामग्री फारशीच्या वाटेने आली. शब्द उजवीकडून चालत आले, आणि आपण ते डावीकडून लिहू लागलो. त्यांचे काही बिघडले नाही, कारण शब्दाचा क्रम उच्चारात असतो, बाजूत नसतो.

शिवछत्रपतींच्या पत्रांवर दोन ठसे असत. माथ्यावर मुद्रा आणि अखेरीस मोर्तब. मोर्तबावरच्या अक्षरांचा अर्थ आहे, ही मर्यादा येथे शोभते. म्हणजे मजकूर येथे संपला, ह्यापुढे कुणी काही घुसडले तर ते खोटे. आता हे मोर्तब कागदाच्या कोणत्या ठरीव कोपऱ्यात करायचे, असा नियम करून भागले असते काय? पत्र तीन ओळींचे असो की तीस ओळींचे, जेथे मजकूर संपेल तेथे मोर्तब. त्याची जागा कागदाने ठरत नसे, मजकुराने ठरत असे. माझ्या मते पानाच्या मांडणीचे सारे तत्त्व ह्या लहानशा ठशात आले आहे.

मग छापखाने आले. जर्मनीत माइन्झ येथे गुटेनबर्गने इ. स. १४५५ च्या सुमारास जे बायबल छापले त्याच्या दोन्ही रकान्यांच्या कडा ओळंब्याने आखल्यासारख्या सरळ आहेत. ही कड कशी साधली जाते, ते जुन्या छापखान्यात जुळाऱ्याशेजारी उभे राहिल्यावर कळत असे. शिशाचे खिळे जुळवताना ओळ नेहमी काठोकाठ भरावी लागे. ती जरा सैल राहिली तर खिळे निखळून पडत. तेव्हा शब्द संपले तरी उरलेली जागा कोऱ्या खिळ्यांनी भरायची. ते कोरे खिळे शेवटी घातले की ओळ डाव्या कडेला लागली. आधी घातले की उजव्या कडेला. दोन्हीकडे सारखे वाटले की मधोमध. शब्दाशब्दांमध्ये पसरले की दोन्ही कडा सरळ. ओळ कडेला लावणे म्हणजे दुसरे तिसरे काही नसून, रिकामी जागा कोठे टाकायची ह्याचा निर्णय असतो. अरबी लिपीला आणखी एक वाट असते. तिच्यात अक्षरेच ताणून लांब करता येतात, त्यामुळे शब्दांमधले अंतर न वाढवताही ओळ भरते.

उर्दूच्या नस्तालीक वळणाला मात्र शिशाचे खिळे मानवले नाहीत. ही अक्षरे उजवीकडून डावीकडे तर जातातच, शिवाय प्रत्येक शब्द वरून खाली उतरत येतो. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे कितीतरी वर्षे कातिब मंडळी हाताने लिहीत आणि त्यावरून ती छापली जात. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाक्षरसमूह हाताने लिहून काढले, त्यातून नूरी नस्तालीक हे यंत्राचे वळण तयार झाले, आणि १९८१ साली लाहोरच्या 'जंग' दैनिकाने ते वापरात आणले.

संगणकावर मजकूर जुळवणे सुरू झाले तेव्हा तो प्रथम इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या सोयीने घडला होता. त्याच्या लेखी पहिले अक्षर म्हणजे सर्वांत डावीकडचे अक्षर. हिब्रू आणि अरबी लिहिणाऱ्यांनी तडजोड म्हणून ओळ जशी दिसते तशीच, डावीकडून मोजून, साठवायला सुरुवात केली. म्हणजे मजकूर न साठवता मजकुराचे चित्रच साठवले म्हणा ना. हे किती अंगाशी येते, ते लाडवांच्या कृतीवरून सांगतो. समजा, मराठी उजवीकडून लिहिली जाते, आणि ओळ आहे 'रवा भाजा, पाक घाला'. डावीकडून साठवली तर यंत्राजवळ क्रम राहिला, घाला, पाक, भाजा, रवा. आता पान अरुंद केले आणि ओळीत दोनच शब्द मावू लागले. यंत्र आपले पहिले दोन शब्द वरच्या ओळीत टाकते, उरलेले दोन खालच्या. वाचणारी बाई उजवीकडून वाचते, आणि तिला दिसते, 'पाक घाला, रवा भाजा'. लाडवांचे काय होईल ते सुगरणींनीच ठरवावे!

ह्यावरचा उपाय सांगायला सोपा आहे. मजकूर वाचण्याच्या क्रमाने साठवायचा, दिसण्याच्या क्रमाने नव्हे. आधी ओळी तोडायच्या, आणि मग प्रत्येक ओळ कागदावर उतरवताना कोणता शब्द कोणत्या दिशेने मांडायचा ते ठरवायचे. झेरॉक्स कंपनीतील जोसेफ बेकर यांनी १९८४ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात अनेक लिप्यांच्या एकत्र यंत्रलेखनावर लेख लिहून हा विषय लोकांपुढे मांडला. १९८७ साली गणिती डोनाल्ड क्नुथ आणि अभिजात भाषांचे प्राध्यापक पिएर मॅके यांनी दोन्ही दिशांचा मजकूर एका परिच्छेदात बसवण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे १९९१ पासून जगातल्या लिप्यांसाठी युनिकोड ही समाईक संहिता आली, आणि तिच्याबरोबर दिशा ठरवण्याचे नियम बांधले गेले.

हे नियम पाहिले की मला चपडाची आठवण होते. प्रत्येक अक्षराला त्याची दिशा ठाऊक असते. मराठी अक्षर ठामपणे डावीकडून चालणारे, उर्दू अक्षर ठामपणे उजवीकडून चालणारे. इंग्रजी आकडे थोडे लवचीक. मोकळी जागा, स्वल्पविराम, कंस ही तर शेजाऱ्यांकडे पाहून वागणारी मंडळी. मग यंत्र पातळ्या लावते. मराठी परिच्छेद ही तळपातळी, त्यातला उर्दू तुकडा तिच्यावर पहिली, आणि त्या तुकड्यातला आकडा दुसरी. सर्वांत वरच्या पातळीपासून सुरुवात करून यंत्र तुकडे उलटवीत खाली येते. आकडा दोनदा उलटला जातो, म्हणून सरळ राहतो, आणि उर्दू शब्द एकदा उलटला जातो, म्हणून उजवीकडून वाचता येतो. कंसाचेही तसेच. यंत्र 'उघडणारा कंस' लक्षात ठेवते, त्याचे पोट कोणत्या बाजूला ते नंतर ठरते.

तरीही गोष्टी अडतातच. शाळेच्या गुणपत्रकात उर्दूत विद्यार्थिनीचे नाव आणि त्यापुढे इंग्रजी आकड्यांत ८५ गुण असतील, तर ते गुण नावाला चिकटून नावाच्या अलीकडच्या बाजूला उडी मारतात. आपले देवनागरी आकडे असे करीत नाहीत, कारण यंत्राच्या यादीत ते अक्षरांइतकेच ठाम आहेत. असे पाहुणे नाव शेजाऱ्यांना धक्का न लावता अलग ठेवण्याची खूण युनिकोडमध्ये २०१३ साली आली.

पण नियम असून उपयोग नाही, ते वापरणारे यंत्र पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका कोकणी मुसलमान कुटुंबात लग्न निघाले. पत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. छापणाऱ्याच्या जुन्या संगणकाला उर्दूची दिशा ठाऊक नव्हती. अक्षरे एकमेकांचा हात सोडून सुटी उभी राहिली, आणि तीही डावीकडून. आजोबांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली, थोडा वेळ पाहिली, आणि म्हणाले, "नाव माझेच आहे, पण पाठमोरे आले आहे." सगळे हसले. पण त्यांनी ती पत्रिका शांतपणे घडी घालून खिशात ठेवली, ते पाहून माझे हसू मावळले. नातवाच्या लग्नात आजोबांचे नाव नीट वाचता येऊ नये, ही काही केवळ छपाईची चूक नव्हे.

दिशेचा प्रश्न सुटला तरी कडेचा राहतोच, आणि खरी मौज तेथे झाली. दिशा आणि कड ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजकूर उजवीकडून चालणारा असूनही तो मधोमध किंवा डाव्या कडेला लावता येतो. मग यंत्राला 'हा परिच्छेद डावीकडे लाव' असे सांगावे की 'आरंभाकडे लाव' असे सांगावे? २००६ साली कचेरीतल्या दस्तऐवजांसाठी एक प्रमाण प्रसिद्ध झाले. जगभरचे पुष्कळसे कागद आज त्याच घराण्यात साठवले जातात. त्यात परिच्छेदाच्या कडेला 'डावी' आणि 'उजवी' अशी नावे होती. पण परिच्छेद उजवीकडून चालणारा असेल तर 'डावी' ह्याचा अर्थ उजवी, आणि 'उजवी' ह्याचा अर्थ डावी! म्हणायचे होते आरंभ, आणि सवयीने लिहून गेले डावे. २००८ साली हेच प्रमाण आंतरराष्ट्रीय झाले, तेव्हा त्याच्या काटेकोर आवृत्तीत ही नावे बदलून 'आरंभ' आणि 'अंत' अशी केली गेली. २००१ सालच्या एका पृष्ठमांडणीच्या प्रमाणाने हा शहाणपणा आधीच दाखवला होता. जपानी पुस्तकातल्या उभ्या ओळी पाहिल्या की त्याची गरज पटते. तेथे ओळ वरून खाली येते आणि पुढची ओळ तिच्या डावीकडे लागते. अशा ओळीचा आरंभ डावा नाही आणि उजवाही नाही, तो वर आहे. चीनमधल्या 'पीपल्स डेली' ह्या दैनिकाने १९५६ सालच्या पहिल्या दिवशी उभ्या ओळी सोडून आडव्या घेतल्या. तेथल्या वाचकांच्या लेखी मजकुराचा आरंभ एका रात्रीत वरून डावीकडे आला, आणि बातम्या होत्या तशाच राहिल्या.

हे सारे परक्यांचे प्रश्न आहेत, असे कुणाला वाटेल, तर त्याने 'दिवाळी' हा शब्द लिहून पाहावा. आपण आधी द उच्चारतो, मग इ. पण ऱ्हस्व वेलांटी काढतो ती द च्या डावीकडे! जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर ती आधी उठवावी लागे, आणि जुळारीही तिचा खिळा आधी उचली. संगणकासाठी १९९१ सालच्या भारतीय प्रमाणसंहितेने आणि युनिकोडनेही क्रम उच्चाराचा ठेवला, आधी द, मग इ. वेलांटी डावीकडे नेऊन बसवणे हे मांडणी करणाऱ्या यंत्राचे काम. म्हणूनच आज नावांची यादी वर्णक्रमाने लावता येते आणि शब्द शोधला की सापडतो. जे तत्त्व उर्दूच्या ओळीला लागू, तेच आपल्या एका वेलांटीला लागू पडले आहे.

आज खिशातल्या दूरध्वनीवर मराठी, उर्दू आणि इंग्रजी एका ओळीत बहुधा सुखाने नांदतात. तरी रस्त्यावरच्या पाट्यांवर, निमंत्रणांवर, प्रमाणपत्रांवर सुटी, पाठमोरी उर्दू अक्षरे अजून दिसतात. ती लावणारा माणूस दुष्ट नसतो. त्याच्या यंत्राला किंवा त्याला स्वतःला, आपली डावी बाजू म्हणजेच जगाचा आरंभ असे वाटत असते, एवढेच. अशी पाटी वा पत्रिका छापायला देण्यापूर्वी ती लिपी वाचणाऱ्या शेजाऱ्याला एकदा दाखवावी, ह्याहून सोपा उपाय मला ठाऊक नाही. त्याला फक्त एवढेच विचारायचे, "तुमची ओळ कोठून सुरू होते?"